शेरा: श्वा

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भोंगा म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं. तो चार वर्षांचा, मी अकराची, आणि तो झोपेतसुद्धा बोलायचा. आई म्हणायची, याच्या तोंडाला दार बसवायचं राहूनच गेलं. असा माणूस नेमका अशा नोकरीत शिरावा, जिथे दोन मिनिटं तोंड बंद ठेवणं एवढीच काय ती अट, याला काय म्हणायचं! आणि त्याचा अर्ज मीच भरला होता, हे आधीच सांगून टाकते.

काम असं. दूर, बारा महिने चिंब असलेल्या दाट जंगलात साठ मीटर उंचीचा लोखंडी टॉवर आहे. झाडांच्या शेंड्यांच्याही वर त्याचं टोक निघतं. रोज अकरा वाजता तिथे चढायचं, दोन्ही टोकांना तोटी असलेल्या काचेच्या दोन बाटल्यांत लागोपाठ हवा भरायची, तोट्या आवळायच्या आणि खाली उतरायचं. दर आठवड्याला बाटल्यांची पेटी गाडीने शहरात आमच्या प्रयोगशाळेत येते. तिथे मी बसते. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे किती भाग, ते मी यंत्रावर मोजते आणि रजिस्टरात लिहिते. चारशे दहा, चारशे बारा, असे आकडे येतात. माणूस श्वास सोडतो तेव्हा त्यात हाच आकडा चाळीस हजारांच्या घरात असतो. त्यामुळे तोटी उघडी असताना जवळपास कुणी नुसता सुस्कारा टाकला तरी बाटली वाया जाते.

म्हणून नियम आहे. वारा बाटलीकडून आपल्याकडे येईल असं उभं राहायचं. छातीभर श्वास घ्यायचा, रोखायचा, तोटी फिरवायची, लांब व्हायचं, मग सोडायचा. भोंगा हे सगळं करायचा, पण त्याचा भरवसा मला कधी वाटला नाही. घरी ताटावर बसल्यावर घास तोंडात असताना तीन गोष्टी सांगणारा माणूस तिथे वर, एकटा, समोर मैलोन्‌मैल हिरवं पसरलेलं असताना गप्प बसेल? आकडा चढलेला दिसला की मी लाल शाईने शेऱ्याच्या रकान्यात 'श्वा' लिहायची. श्वास लागला, बाटली बाद.

पहिल्यांदा त्याला ते कळलं तेव्हा फोनवर खो-खो हसला. "ताई, संस्कृतात श्वा म्हणजे कुत्रा. सरकारी रजिस्टरात तू मला कुत्रा ठरवलंस. कागदोपत्री!"

"मग भुंकणं बंद कर," मी म्हणाले.

सहा वर्षांत त्याच्या नावावर अकरा 'श्वा' झाले. बाराव्याची ही गोष्ट.

खेप क्रमांक चौदा, म्हणजे त्या महिन्याच्या चौदा तारखेची जोडी. पेटीत चौदा-क होती, चौदा-ख नव्हती. बाटल्या जोडीने भरतात ते याचसाठी की दोन्हींचा आकडा जुळला तर हवा खरी. एकीचा चढला तर तिला श्वास लागला. क मोजली. चारशे सत्तेचाळीस. अकरा वाजता त्या उंचीवर इतका आकडा येत नाही, येऊ नये, असं मला एकवीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"चारशे सत्तेचाळीस," मी म्हणाले. "कुणाशी गप्पा मारत होतास?"

"ताई, मी श्वास रोखला होता."

"आणि ख कुठाय?"

"तिची तोटी घट्ट झालीय. जरा ग्रीस लावतो आणि पुढच्या पेटीत घालतो. तू शेरा वाचलास का? त्या दिवशी झाकण..."

"तुझे शेरे वाचायला मला वेळ नाही." हे खरं होतं. शेऱ्याच्या रकान्यात तो काय वाटेल ते लिहायचा. आज टॉवरवर सरडा भेटला. आज बुटात मुंग्या. पहिल्या वर्षीच मी तो रकाना वाचणं सोडून दिलं होतं. "बरोबर बिघडलेल्या बाटलीचीच जोडी घट्ट होते, नाही का?"

तो गप्प झाला. भोंगा गप्प झाला, यावरूनच मला कळायला हवं होतं.

"मी रोखला होता," तो परत म्हणाला. "शपथेवर सांगतो."

"शपथ यंत्राला कळत नाही. उद्या दुपारी दोनला एक जोडी भर. दुपारी सगळी हवा घुसळून एकसारखी झालेली असते, आकडा इकडचा तिकडे व्हायचं कारणच नाही. तरी चढला, तर दोष तुझाच."

"दुपारी वर चढत नाहीत, ताई. ढग उभे राहतात."

"मग लवकर उतर," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तो चढला. त्याने बाटल्या भरल्या की नाही ते कुणालाच ठाऊक नाही, त्या फुटल्या. पावणेतीनला ढग कोसळला. हे लोकांना समजत नाही म्हणून सांगते: उभा ढग नुसता पाऊस टाकत नाही. आधी तो जंगलावरची हवा खेचून आठ-दहा किलोमीटर वर नेतो आणि मग तिथली गार हवा धबाधबा खाली आदळते, पावसाच्याही आधी. उतरताना कमरेच्या पट्ट्याचे दोन हुक असतात, एक सोडायचा, खाली लावायचा, मग दुसरा सोडायचा. एक हुक कायम अडकलेलाच हवा. घाईत माणूस दोन्ही सोडतो. तळावरच्या रखवालदाराने तेवढंच सांगितलं. म्हणाला, साहेब घाईत होते.

'मग लवकर उतर.' हे वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही.

आई माझ्याकडेच राहते. तेराव्या दिवसानंतर तिने रडणं आवरतं घेतलं आणि विचारणं सुरू केलं. रोज सकाळी, चहाचा कप हातात घेऊन, तोच प्रश्न. "शेवटचं काय बोलला गं तुझ्याशी?"

"मी विचारलं जेवलास का. म्हणाला जेवलो."

"काय जेवला होता?"

"ते नाही विचारलं."

"तू मेली कधी काही विचारशील तर शपथ," आई म्हणायची आणि कप खाली ठेवायची. पण त्या उत्तराने तिला बरं वाटत होतं. पोरगा जेवून गेला, एवढं तिने गाठीला बांधून ठेवलं होतं. मी खोटं बोलत राहिले. खोटं बोलणं मला जमत नाही असं ऑफिसात सगळे म्हणतात. चुलीत गेलं ते ऑफिस.

जंगलातून त्याची ट्रंक आली. आईने ती पलंगाखाली सरकवून दिली. उघडायचं नाव तिनेही काढलं नाही, मीही नाही. सहा आठवडे ती तिथेच होती. आई झाडताना झाडू ट्रंकेपर्यंत न्यायची आणि मागे घ्यायची.

मग एक दिवस प्रयोगशाळेत ढगवाले सर आले. त्यांचं काम म्हणजे संगणकावर ढग बनवणं, म्हणून ते नाव; तोंडावरही आम्ही तसंच म्हणतो आणि ते ओ देतात. जंगलावरून कोणती हवा किती वर जाते, एवढंच ते आयुष्यभर शोधत आलेत. आमचे सहा वर्षांचे आकडे त्यांनी मागून घेतले होते. माझ्या टेबलासमोर बसले, चष्मा पुसला.

"बाई, एक अडचण आहे. ढगाळ सकाळचे आकडेच नाहीत तुमच्याकडे."

"असतील की."

"नाहीत. बघा." त्यांनी कागद पसरला. "रात्रभर जंगल श्वास सोडतं, बरोबर? झाडं, माती, कुजलेला पाला. ती गार हवा तळाशी साठते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. सकाळी शेंड्यांवर ऊन पडलं, हवा तापून वर उठू लागली की झाकण निघतं आणि रात्रीचं सगळं साचलेलं एका दमात वर येतं. साधारण नऊला. म्हणून तर तुम्ही अकराला बाटली भरता, धूळ बसल्यावर."

"हे मला माहीत आहे, सर."

"हो हो. पण सकाळी आभाळ भरलेलं असेल तर ऊन उशिरा लागतं. मग झाकण दहाला निघेल, अकराला निघेल. साचलेलं उशिरा वर आलं तर पानांना ते खायला वेळच मिळत नाही, दुपारचा ढग ते जसंच्या तसं उचलून वर घेऊन जातो. माझं सगळं गणित त्यावर अडलंय. अशा सकाळी अकराला आकडा चढलेला दिसायला हवा, साडेचारशेच्या आसपास. मी हवामानाच्या नोंदी घेतल्या, रात्री पाऊस-वारा नसलेल्या अशा ढगाळ सकाळी निवडल्या, सहा वर्षांत बाराच निघाल्या, आणि तुमच्या रजिस्टरात पाहिलं. त्या प्रत्येक दिवसापुढे लाल शाई."

"त्या बाटल्या बाद आहेत. श्वास लागलेल्या." माझा आवाज चढला. "आमचा माणूस बोलका होता फार."

ढगवाले सर चांगले गृहस्थ आहेत. त्यांना ते टोचून म्हणायचं नव्हतं, खरंच शंका आली म्हणून विचारलं. "बाई, तुमचा भाऊ फक्त ढगाळ दिवशीच बोलायचा का?"

मी रजिस्टर ओढलं. चौदाव्या खेपेचा कागद काढला, त्याच्या अक्षरातला, आणि पहिल्या वर्षानंतर प्रथमच त्याचा शेऱ्याचा रकाना वाचला. 'आभाळ पॅक. झाकण उशिरा उडालं, आत्ता उडतंय. पावणेअकरापासून खालून कुजक्या पाल्याचा वास येतोय. ताई, आज आकडा चढेल, घाबरू नकोस.'

मागचे अकराही काढले. एकात सरडा होता, एकात मुंग्या होत्या. पण प्रत्येकात, सरड्याच्या आधी किंवा मुंग्यांच्या नंतर, झाकणही होतं. 'झाकण लेट.' 'झाकण आज माझ्यासारखं, उठायला मागत नाही.' यंत्राशिवाय, नुसत्या नाकाने, त्या माणसाने सहा वर्षं बरोबर सांगितलं होतं आणि मी लाल शाई संपवत बसले होते.

ढगवाले सर पाणी घेऊन आले. मी प्यायले नाही. म्हणाले, "जोडीतली दुसरी बाटली कुठे मिळाली तर पक्कं म्हणता येईल. बाराही दिवसांचं सोडा, एका दिवसाचं तरी." मागच्या अकरा जोड्यांचं सांगायचं तर, त्या प्रत्येकीत दोन्ही बाटल्यांचे आकडे जुळत असूनही मी त्या बाद केल्या होत्या. दोन्ही वेळा बोलला असेल, असं मानून. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान खाली घातली.

त्या दिवशी दुपारीच रजा टाकून घरी आले. आई बघत होती. मी पलंगाखालून ट्रंक ओढली आणि तीही शेजारी जमिनीवर बसली. शर्ट निघाले, आईने एकेक हातात घेऊन घडी पुन्हा घातली. बूट निघाले. स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या दोन बाटल्या निघाल्या. एकीवर चौदा-ख. तिच्या तोटीला ताजं ग्रीस.

दुसरीवर नंबर नव्हता. दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती. मी वाचली आणि घडी करून ब्लाउजमध्ये खोचली.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"रविवारी सांगते. तू माझ्याबरोबर प्रयोगशाळेत चल."

रविवारी तिथे कुणी नसतं. लख्ख ऊन होतं, गच्चीवरून कबुतरांचा आवाज येत होता. आईला मी माझ्या खुर्चीवर बसवलं आणि आधी चौदा-ख यंत्राला जोडली. यंत्राला स्थिर व्हायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात आईने सगळी खोली बघून घेतली, नळ्या, मीटर, खिडकीतून बाहेर गेलेली ती बारीक नळी, जिच्यातून मोजून झालेली हवा निघून जाते.

चारशे सत्तेचाळीस. दशांश एक कमी.

मी हात टेबलावर टेकले. मग आईकडे पाठ करूनच सगळं सांगितलं. चढलेला आकडा, माझं बोलणं, त्याची शपथ, दुपारी दोनला चढ म्हणणं, मग लवकर उतर म्हणणं. सगळं. "त्याचं खरं होतं, आई. मी त्याला उगीच वर पाठवलं. मी पाठवलं."

मी वळले. आई हातातल्या रुमालाचं टोक पिळत होती.

"म्हणजे जेवला होता की नाही, ते तू विचारलंच नव्हतंस."

"नाही."

"मग जेवला होता का?"

"माहीत नाही, आई."

तिने मान हलवली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, मारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बसून राहिली आणि माझ्या देखत म्हातारी झाली. पोरगा जेवून गेला, एवढीच तिच्याकडे शिल्लक होती, तीही मी काढून घेतली.

मग तिने हात पुढे केला. "चिठ्ठी."

तिचा चष्मा घरी राहिला होता. मी वाचून दाखवली.

"ताई, या बाटलीत माझा खरा श्वास आहे. पोटातून फुंकून भरलाय, कान लाल झाले. नीट मोज. मग चौदा नंबरच्या आकड्याशी ताडून बघ, भोंगा फुंकतो तेव्हा काय होतं ते कळेल. आणि मग माझी माफी माग. तोंडी चालणार नाही, लेखी पाहिजे, लाल शाईने. आता दोनची जोडी भरायला वर जातो. तुझा, कागदोपत्री कुत्रा."

आई हसली. खरंच हसली, तोंडावर हात ठेवून, आणि हसतानाच तिचे खांदे गदगदू लागले. मी तिला धरलं. दोघींनी पोटभर रडून घेतलं. मग तिने नाक पुसलं आणि ती बिननंबरची बाटली मांडीवर घेतली. काचेतून पलीकडचं टेबल दिसत होतं, बाकी काही दिसत नव्हतं.

"यात तो आहे?"

"त्याचा श्वास आहे."

"मोजल्यावर काय होतं?"

"त्या नळीने बाहेर जातो."

"नाही मोजला तर? मी उशाशी ठेवीन."

खोटं बोलायचं मी त्या दिवशी सोडलं होतं. "तोटीत रबराची चकती असते, आई. तिच्यातून थोडं थोडं झिरपतं. चार-पाच वर्षांनी बाटलीत नुसती आपल्या खोलीतली हवा उरेल, आणि आपल्याला कळणारही नाही ती कधी बदलली."

आईने बाटलीवरून हात फिरवला. वरून खाली, दोन-तीनदा, लहानपणी त्याला ताप आला की पाठीवरून फिरवायची तसा.

"त्याने मोज म्हणून लिहिलंय ना?"

"हो."

"मग मोज. एकदा तरी ऐक त्याचं." तिने बाटली माझ्या हातात दिली. मी ती यंत्राला जोडत होते तेव्हा ती उठली, खिडकीशी गेली आणि बाहेर लोंबणारी ती बारीक नळी हाताने आत ओढून घेतली. नळीचं टोक तिने माझ्या टेबलाच्या कडेवर ठेवलं. मग खिडकी लावली आणि कडी घातली.

"हं. आता सोड."

श्वासाची बाटली या यंत्राला जोडायची नसते, आतल्या नळ्या ओल्या होतात, दोन दिवस यंत्र बंद ठेवून साफ करावं लागतं. सोमवारी साहेब मला धारेवर धरणार हे ठाऊक होतं. मी तोटी फिरवली. पंप घुरघुरू लागला. आकडा चारशेवरून उठला, सहाशे, नऊशे, आणि हजारावर जाऊन अडकला. त्यापुढे यंत्राला मोजताच येत नाही, पडद्यावर नुसत्या चार आडव्या रेघा येतात. त्या आल्या आणि तशाच राहिल्या. चारशे सत्तेचाळीस कुठे आणि हे कुठे.

मी रजिस्टर उघडलं. चौदाव्या खेपेपुढचा 'श्वा' आडवी रेघ मारून खोडला आणि बाजूला लाल शाईने लिहिलं: 'श्वास लागलेला नाही. हवा खरी. चूक माझी. माफ कर.' मागची पानं उलटत गेले आणि अकराही ठिकाणी तेच लिहिलं. अक्षर लहान पोराच्या वहीतल्यासारखं झालं. शेवटी नवी ओळ आखली. बाटली क्रमांक: नाही. आकडा: मापाबाहेर. शेरा: श्वा. सहा वर्षांत त्याच्या नावावर एवढा एकच बरोबर होता.

पंप अजून चालू होता. टेबलाच्या कडेवर नळीच्या टोकातून हवा येत होती, इतकी हळू की कागदाचा कोपरासुद्धा हलत नव्हता. आईने खुर्ची ओढून तोंड तिच्याजवळ नेलं आणि डोळे मिटले. मी शेजारी उभी होते, ओठ घट्ट मिटून. एकवीस वर्षांची सवय. तोटी उघडी असली की माझी छाती आपोआप बंद होते.

आईने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं, श्वास कोंडून काय उभी राहिलीस?" ती म्हणाली आणि खुर्चीवर जरा सरकली, माझ्यापुरती जागा केली. "ये. घे."

मी तिच्याजवळ टेकले आणि घेतला.